निरोप कोणापर्यंत पोहोचला? : २६ नोव्हेंबर २००८ आणि शासनयंत्रणांचा समन्वय

आपल्या निवासी शाळेत दरवर्षी २६ नोव्हेंबरला दोन कार्यक्रम होतात. सकाळी पटांगणावर सर्व विद्यार्थी संविधानाची उद्देशिका म्हणतात. १९४९ साली याच दिवशी संविधान सभेने भारताचे संविधान स्वीकारले. सायंकाळी त्याच पटांगणावर मेणबत्त्या लावून मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यात मृत्युमुखी पडलेल्यांना आदरांजली वाहिली जाते. या दोन कार्यक्रमांत काही नाते आहे असे मुलांना वाटत नाही आणि खरे सांगायचे तर अनेक वर्षे आम्हालाही वाटत नव्हते. तारीख एक आली, एवढेच. स्मरणिकेसाठी पालकांना व माजी विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असा एखादा अभ्यासपर विषय घ्या, असे संपादक मंडळाने सुचवले, तेव्हा हे नातेच तपासून पाहावे असे आम्ही ठरवले. दहशतवाद रोखण्याचे आणि तो घडल्यास त्याला तोंड देण्याचे काम शासनाच्या कोणत्या यंत्रणा करतात, त्या एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत, २००८ मध्ये हा सांधा कोठे निखळला आणि पुढे तो कसा बसवला गेला, हा या लेखाचा विषय आहे.

आरंभी आपल्याच वसतिगृहातील एक लहानसा प्रसंग सांगावासा वाटतो. त्या बुधवारी रात्री दूरदर्शन संचाभोवती मोठी मुले उशिरापर्यंत बसली होती. आठवीतील एका मुलाचे वडील छत्रपती शिवाजी टर्मिनसवर, त्या वेळच्या बोलीत सीएसटीवर, सफाई कामगार होते. गोळीबाराची बातमी आली तसा तो मुलगा गप्प झाला. दुसऱ्या दिवशी त्याने नाश्ता केला नाही, वर्गात आला नाही. फाटकापाशी बसून राहिला. कार्यालयातील फोनवरून आम्ही ओळखीच्या अनेकांना विचारले, कोणालाच काही सांगता येईना. दुपारी दीडच्या सुमारास रात्रपाळीचा रखवालदार सायकलवरून आला आणि मुलाला फाटकात पाहून सहज म्हणाला, "अरे, तुझ्या बापाचा फोन आला व्हता राती. बरा हाय तो." वडिलांनी रात्री अकराच्या सुमारास कोणाच्या तरी मोबाइलवरून शाळेत फोन केला होता. मुले झोपली असतील, सकाळी सांगू, असे रखवालदाराला वाटले. सकाळी सहाला पाळी संपली, तो गावी गेला. माणूस वाईट नव्हता. आलेला निरोप कोणाला द्यायचा, किती वेळात द्यायचा आणि दिला याची खूण कोठे ठेवायची, हे त्याला आम्हीच कधी सांगितले नव्हते. निरोप इमारतीत रात्रीच पोहोचला होता. ज्याला हवा होता त्याच्यापर्यंत तो चौदा तास गेला नाही.

त्या आठवड्यात आम्ही वसतिगृहासाठी एक निरोपवही घातली. निरोप कोणाचा, कोणासाठी, किती वाजता आला, किती वाजता दिला आणि घेणाऱ्याची सही, असे पाच रकाने. पुढे २६ नोव्हेंबरच्या घटनेबद्दल वाचत गेलो तसतसे लक्षात येत गेले की देशापुढचा प्रश्नही, त्याचा आकार कितीही मोठा असला तरी, जातीने हाच होता.

मुळात कामाची वाटणी कशी आहे ते पाहू. देशांतर्गत गुप्तवार्ता गोळा करण्याचे काम इंटेलिजन्स ब्युरो, म्हणजे आयबी, करते व ती केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. परदेशातील गुप्तवार्ता 'रॉ' या संस्थेकडे. ती पंतप्रधानांच्या नियंत्रणाखाली काम करते. प्रत्येक राज्याच्या पोलीस दलात स्वतंत्र गुप्तवार्ता विभाग असतो. समुद्रावर नौदल आणि तटरक्षक दल, ही दोन्ही संरक्षण मंत्रालयाची. पण किनाऱ्याला लागले की राज्याचे सागरी पोलीस, बंदरांचे अधिकारी, सीमाशुल्क खाते आणि मत्स्यव्यवसाय विभाग. रेल्वेच्या एकाच फलाटावर दोन दले उभी असतात: रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे, तर लोहमार्ग पोलीस राज्याचे. प्रवाशाला दोघांच्या गणवेशातील फरकही सांगता येणार नाही. त्यांना आदेश मात्र वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात.

ही वाटणी कोणाच्या गैरव्यवस्थेतून आलेली नाही, ती संविधानात आहे. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत 'सार्वजनिक सुव्यवस्था' आणि 'पोलीस' हे विषय पहिल्या दोन क्रमांकांवर आहेत. दुसरीकडे अनुच्छेद ३५५ प्रमाणे परकीय आक्रमणापासून व अंतर्गत अशांततेपासून प्रत्येक राज्याचे संरक्षण करणे हे संघराज्याचे कर्तव्य आहे. म्हणजे रस्त्यावरचा पोलीस राज्याचा, आणि बाहेरच्या शत्रूपासून त्या रस्त्याचे रक्षण करण्याची जबाबदारी केंद्राची. दहशतवादी मात्र ही सीमारेषा ओळखत नाही. तो परकीय असतो आणि रस्त्यावरही असतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा सभेपुढे मांडताना या प्रश्नाचा विचार केलेला दिसतो. काळाची व परिस्थितीची गरज पडेल त्याप्रमाणे आपले संविधान संघात्मकही राहू शकते व एकात्मही होऊ शकते, असे त्यांनी त्या भाषणात समजावून सांगितले. सत्ता दोन ठिकाणी वाटली तरी देशाची एकता टिकावी यासाठी त्यांनी तीन साधने दाखवली होती: एकच न्यायव्यवस्था, मूलभूत कायद्यांची एकरूपता आणि महत्त्वाच्या पदांसाठी समान अखिल भारतीय सेवा. यातील तिसरे साधन इतिहासाच्या पुस्तकात मुले एका ओळीत पाठ करतात आणि विसरतात. पण भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी राज्याच्या संवर्गात असतो, तेथे ठाणी व जिल्हे सांभाळतो, मधली काही वर्षे केंद्राच्या संस्थेत काम करतो आणि परत राज्यात येतो. महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे हे असेच अधिकारी. त्यांनी सात वर्षे 'रॉ'साठी ऑस्ट्रियात काम केले होते. केंद्र आणि राज्य यांच्यामधला सांधा हा कागदावरच्या आदेशाइतकाच अशा माणसांचाही असतो.

आता त्या रात्रीकडे वळू.

लष्कर-ए-तोयबाचे दहा जण कराचीहून समुद्रमार्गे निघाले. वाटेत त्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी नौका ताब्यात घेतली आणि तिच्यावरील पाचही जणांना ठार मारले. मुंबईच्या किनाऱ्याजवळ आल्यावर हवा भरलेल्या रबरी होडीतून ते रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास कुलाब्याकडील बधवार पार्कजवळच्या मच्छीमार नगरात उतरले. पाठीवर जड पिशव्या घेतलेली ही अनोळखी मुले कोण, अशी विचारणा तेथील वस्तीतल्या लोकांनी केली होती. म्हणजे देशाच्या सागरी सुरक्षेच्या सगळ्या वर्तुळांतून पार होऊन आलेल्या या टोळीला पहिला प्रश्न विचारला तो कोळीवाडीने. पुढच्या तासाभरात लिओपोल्ड कॅफे, सीएसटी, ताजमहाल हॉटेल, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाऊस येथे एकाच वेळी हल्ले सुरू झाले. २९ नोव्हेंबरच्या सकाळी ताजमधील अखेरचा दहशतवादी मारला गेला तोपर्यंत १६६ जणांचे प्राण गेले होते.

पूर्वसूचना नव्हती का? होती, आणि हेच सर्वांत अस्वस्थ करणारे आहे. हल्ल्यानंतर राज्य शासनाने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली दोन सदस्यांची चौकशी समिती नेमली. तिने एप्रिल २००९ मध्ये अहवाल दिला. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ला होऊ शकतो, मोठ्या हॉटेलांना धोका आहे, असे इशारे आधीच्या काळात निरनिराळ्या वेळी येऊन गेले होते, हे त्या चौकशीतून पुढे आले. ताज हॉटेलची सुरक्षा अशाच एका इशाऱ्यानंतर वाढवली होती आणि नंतर ती सैल केली गेली. हल्ल्याच्या काही दिवस आधी एका संशयित जहाजाची माहिती नौदलाला व तटरक्षक दलाला दिली गेली होती, हेही त्याच डिसेंबरमध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांच्या संसदेतील निवेदनातून देशाला कळले. प्रत्येक इशारा एकेकटा पाहिला तर अपुरा होता. दिवस कळत नव्हता, जागा नेमकी नव्हती. पण ते सारे तुकडे एकाच टेबलावर मांडून त्यांचे चित्र जुळवणे ही कोणा एकाची नेमून दिलेली जबाबदारी नव्हती, आणि चित्र जुळले नाही तर जाब कोणाला विचारायचा हेही ठरलेले नव्हते.

प्रधान समितीने पोलीस दलाच्या शौर्याची नोंद घेतली आणि त्याच वेळी अशा प्रसंगासाठी लिहून ठेवलेली कार्यपद्धती वरच्या पातळीवर पाळली गेली नाही, असेही म्हटले. शौर्य आणि व्यवस्था यांत आपल्या समाजाला शौर्य अधिक आवडते. पोवाडा शूरवीराचा होतो, कार्यपद्धतीचा होत नाही. करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन अधिकारी कामा रुग्णालयाजवळच्या रंगभवनच्या गल्लीत एकाच गाडीत मारले गेले. अतिवरिष्ठ पदावरचे अधिकारी एकाच वाहनातून, हल्लेखोर नेमके कोठे आहेत याची पुरेशी खबर नसताना जातात, यात त्यांचे धैर्य दिसते तसे त्यांच्यापर्यंत न पोहोचलेले निरोपही दिसतात. त्याच सुमारास कामा रुग्णालयात सदानंद दाते हे अधिकारी जखमी अवस्थेत हल्लेखोरांना थोपवून धरत होते, आणि प्रसूतिकक्षातील परिचारिका गर्भवती स्त्रियांना आतल्या खोलीत नेऊन दिवे मालवत होत्या.

मात्र त्याच रात्री एक निरोप पोहोचला, आणि तो पोहोचल्याने काय झाले हे मुलांना आम्ही मुद्दाम सांगतो. रंगभवनच्या गल्लीत गोळ्या लागून गाडीच्या मागच्या भागात पडलेला एक पोलीस शिपाई जिवंत होता. हल्लेखोर पोलिसांचीच गाडी घेऊन निघाले, तिचे चाक निकामी झाल्यावर त्यांनी दुसरी खासगी मोटार पळवली. त्या शिपायाने बिनतारी संदेशयंत्रावरून नियंत्रण कक्षाला कळवले. पळवलेल्या मोटारीचे वर्णन डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यापर्यंत गेले आणि गिरगाव चौपाटीवर नाकाबंदीत ती मोटार अडली. साहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी अजमल कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि कसाब जिवंत पकडला गेला. तो जिवंत सापडला नसता तर हा कट कोठे शिजला हे न्यायालयात शाबीत करणे किती अवघड गेले असते याची कल्पना करावी. जखमी शिपाई, नियंत्रण कक्ष, ठाणे, नाकाबंदीवरचा साहाय्यक उपनिरीक्षक, एवढी चार माणसांची साखळी. तिच्यातली एकही कडी वरिष्ठ पदाची नव्हती.

याउलट मोठ्या पातळीवर काय घडले ते पाहा. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे म्हणजे एनएसजीचे कमांडो त्या वेळी हरियाणातील मानेसर या एकाच तळावर असत. त्यांना वाहून नेण्यासाठी सज्ज विमान दिल्लीत नव्हते. ते चंडीगडहून यावे लागले. हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून कमांडो पहाटे मुंबईत उतरले, तेथून रस्त्याने दक्षिण मुंबईत आले, आणि प्रत्यक्ष मोर्चा हाती घेईपर्यंत सकाळ उजाडली होती. तोवर ताजमध्ये नौदलाचे कमांडो व मुंबईचे पोलीस झुंजत होते, अग्निशमन दलाचे जवान शिड्या लावून खिडक्यांतून माणसे उतरवत होते, जे. जे. आणि सेंट जॉर्ज रुग्णालयांत डॉक्टर जखमींना तपासत होते. आणि दूरचित्रवाहिन्या कमांडोंच्या हालचाली थेट दाखवत होत्या. त्या पाहून सीमेपलीकडचे सूत्रधार आतल्या दहशतवाद्यांना फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने पुढे कसाबच्या अपिलाचा निकाल देताना या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. माध्यमे ही शासनाची यंत्रणा नव्हे हे खरे, पण समन्वयाच्या आराखड्यात त्यांचीही एक जागा असायला हवी होती.

आपला देश पंधरा वर्षे आधी हाच धडा एकदा शिकला होता. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांत २५७ जणांचे प्राण गेले. त्यासाठीचे आरडीएक्स रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी येथे समुद्रमार्गे उतरवले गेले होते. सीमाशुल्क खात्यातील व पोलिसांतील काही जणांनी पैसे घेऊन डोळे मिटले होते, हे टाडा न्यायालयात सिद्ध झाले. त्यानंतर महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यावर नौदल, तटरक्षक दल आणि पोलीस यांची संयुक्त गस्त सुरू झाली. तिला 'ऑपरेशन स्वान' असे नाव होते. सागरी पोलीस ठाण्यांची केंद्राची योजनाही २००५ मध्ये आली. तरीही समुद्र उघडा राहिला. योजना होती, नावही होते. रात्रीच्या अंधारात होडी कोणी अडवायची याचे उत्तर प्रत्येक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवून देत होते. आम्हाला १९९३ आणि २००८ ही दोन प्रकरणे एकत्र शिकवावीशी वाटतात ती यासाठी.

२००८ नंतर जे बदल झाले त्यांतील सर्वांत महत्त्वाचा बदल वर्तमानपत्रांत सर्वांत कमी गाजला. आयबीमध्ये 'मल्टी एजन्सी सेंटर' म्हणजे बहुसंस्था केंद्र २००१ च्या अखेरीसच, कारगिल युद्धानंतरच्या सुधारणांचा भाग म्हणून, स्थापन झाले होते. पण तेथे माहिती देणे हे ज्या त्या संस्थेच्या मर्जीवर होते. ३१ डिसेंबर २००८ च्या आदेशाने ते चोवीस तास चालू लागले, माहिती मागणे व देणे हे बंधनकारक कर्तव्य झाले, आणि राज्याराज्यांत त्याची उपकेंद्रे जोडली गेली. मर्जी जाऊन कर्तव्य आले, एवढाच हा फरक. पण आमच्या निरोपवहीतील सहीचा रकाना म्हणजे तरी दुसरे काय होते?

किनाऱ्याबाबत फेब्रुवारी २००९ मध्ये एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे, प्रादेशिक समुद्राची तटरक्षक दलाकडे आणि किनाऱ्यालगतच्या पाण्याची सागरी पोलिसांकडे अशी उतरंड ठरली. मुंबई, कोची, विशाखापट्टणम आणि पोर्ट ब्लेअर येथे संयुक्त परिचालन केंद्रे निघाली. मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे मिळाली, नौकांची नोंदणी कडक झाली, राज्यानुसार नौकांचे रंग ठरले. २०१९ पासून 'सी व्हिजिल' नावाचा सराव होतो. त्यात साऱ्या किनारी राज्यांतील यंत्रणा एकाच वेळी उतरतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कोळी बांधवांची सागर रक्षक दले आहेत. संशयास्पद नौका दिसल्यास कळवण्यासाठी तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक आहेत. कोकणातील माजी विद्यार्थ्यांनी ते आपल्या मोबाइलमध्ये जरूर साठवावेत. बधवार पार्कच्या वस्तीने विचारलेला प्रश्न योग्य ठिकाणी, योग्य वेळी पोहोचवण्याचा हा मार्ग आहे. एनएसजीची केंद्रे २००९ मध्ये मुंबई, चेन्नई, हैदराबाद व कोलकाता येथे उघडली, आणि महाराष्ट्राने त्याच वर्षी 'फोर्स वन' हे स्वतःचे कमांडो दल उभारले.

तपासासाठी संसदेने डिसेंबर २००८ मध्ये कायदा करून राष्ट्रीय तपास संस्था म्हणजे एनआयए निर्माण केली. मुंबईच्या खटल्यात कामाची वाटणी कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. कसाबविरुद्धचा तपास मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने केला. कटाचे परदेशातील धागे, म्हणजे मुंबईची टेहळणी करून गेलेला डेव्हिड हेडली व त्याचा साथीदार तहव्वूर राणा, यांचा तपास एनआयएने हाती घेतला. एनआयएचे अधिकारी २०१० मध्ये हेडलीच्या चौकशीसाठी शिकागोला गेले. २०१६ मध्ये हेडलीची साक्ष दूरदृश्य प्रणालीवरून मुंबईच्या न्यायालयात नोंदवली गेली. आणि राणाला अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या ताब्यात दिले. कामा रुग्णालयात जखमी झालेले सदानंद दाते २०२४ मध्ये याच एनआयएचे महासंचालक झाले होते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग साऱ्या यंत्रणा एकाच छत्राखाली, एकाच बलवान अधिकाऱ्याच्या हाती का देऊ नयेत? असा प्रयत्न झाला. राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र स्थापन करण्याचा आदेश फेब्रुवारी २०१२ मध्ये निघाला. ते १ मार्चपासून सुरू व्हायचे होते. ते आयबीच्या आत राहणार होते आणि त्याला कोणत्याही राज्यात झडती घेण्याचा व अटक करण्याचा अधिकार मिळणार होता. ओडिशा, पश्चिम बंगाल, तमिळनाडू, गुजरात, बिहार अशा निरनिराळ्या पक्षांच्या मुख्यमंत्र्यांनी त्याला विरोध केला, आणि ती योजना बारगळली. काहींना यात राजकारणाचा अडथळा दिसतो. आम्हाला तसे वाटत नाही. गुप्तवार्ता गोळा करणारी संस्था गुप्तपणे काम करते, तिचा जाब संसदेला किंवा न्यायालयाला सहजासहजी विचारता येत नाही. अटक करणारा अधिकारी मात्र चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभा राहून उत्तर द्यायला बांधलेला आहे. ही दोन कामे एका हाती आली तर संविधानाच्या अनुच्छेद २२ मधील संरक्षण कोणाकडे मागायचे? समन्वय म्हणजे सर्वांचे अधिकार एकाकडे गोळा करणे नव्हे. ज्याचे काम त्याच्याकडे राहून एकाचा निरोप दुसऱ्याला बंधनकारकपणे मिळणे, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

ही शंका पुस्तकी नाही, हे आपल्या समाजाला सांगण्याची गरज नसावी. टाडाचा गैरवापर इतका झाला की १९९५ मध्ये त्याची मुदत वाढवली गेली नाही. पोटा २००२ मध्ये आला आणि २००४ मध्ये रद्द झाला. त्यातील अनेक तरतुदी मग बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, यूएपीएमध्ये आल्या. २००८ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याखाली दोषारोपपत्राशिवाय १८० दिवसांपर्यंत कोठडी होऊ शकते आणि जामीन मिळणे फार कठीण झाले आहे. एनआयएच्या कायद्यानुसार केंद्र सरकार राज्याच्या संमतीशिवाय एखादा तपास आपल्याकडे घेऊ शकते. जानेवारी २०२० मध्ये भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणाचा तपास पुणे पोलिसांकडून असाच एनआयएकडे गेला. तत्कालीन राज्य शासनाने नाराजी व्यक्त केली. त्या प्रकरणातील अनेकांनी खटला सुरू होण्याआधीच वर्षानुवर्षे तुरुंगात काढली आणि फादर स्टॅन स्वामी यांचे जुलै २०२१ मध्ये कोठडीत असतानाच निधन झाले. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवील. दहशतवाद्यांसाठी घडवलेले हत्यार कोणावर उगारले जाते याकडे नागरिकांचे लक्ष असले पाहिजे, एवढेच येथे म्हणायचे आहे.

आणि यंत्रणा एकमेकींशी बोलण्याऐवजी एकमेकींना खोटे पाडू लागल्या तर काय होते याचे उदाहरण मालेगाव. ८ सप्टेंबर २००६ च्या तेथील स्फोटांत तीसहून अधिक माणसे गेली. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुस्लिम तरुणांना अटक केली. मग तपास सीबीआयकडे गेला. मग एनआयएने निराळ्याच लोकांवर दोषारोप ठेवले. पहिल्या तरुणांना न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये दोषमुक्त केले, तोपर्यंत त्यांची पाच वर्षे तुरुंगात गेली होती आणि त्यांतील एक जण हयातही नव्हता. सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातील सातही आरोपी जुलै २०२५ मध्ये सुटले. त्याच महिन्यात, २००६ च्या मुंबई लोकल गाड्यांतील स्फोटांच्या खटल्यात उच्च न्यायालयाने सर्व १२ आरोपींना निर्दोष ठरवले. त्या निकालाचा पूर्वदाखला म्हणून वापर करण्यास सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली असली तरी सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडलेले नाही. लोकल गाड्यांत १८० हून अधिक माणसे मेली होती. डब्यातून घरी न परतलेल्या त्या माणसांच्या कुटुंबांना एकोणीस वर्षांनंतर काय सांगायचे? चुकीच्या माणसाला पकडणे हा निरपराधावरचा अन्याय तर आहेच. मृताच्या नातेवाइकांवरचाही तो तितकाच मोठा अन्याय आहे, कारण खरा गुन्हेगार त्या काळात मोकळा फिरत असतो.

कसाबच्या खटल्याकडे या दृष्टीने पुन्हा पाहावे. साऱ्या जगाने ज्याला बंदूक घेऊन फिरताना पाहिले, त्यालाही वकील देण्यात आला. आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयाने मे २०१० मध्ये शिक्षा सुनावली, उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०११ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी ती कायम केली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्याला फाशी झाली. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपींविरुद्धचा पुरावा अपुरा ठरला आणि तिन्ही न्यायालयांनी त्यांना सोडले. लोकक्षोभ शिगेला असतानाही न्यायाधीशांनी प्रत्येकाचा पुरावा वेगळा तोलला. बाबासाहेबांनी सांगितलेल्या तीन साधनांपैकी पहिले, एकच न्यायव्यवस्था, ते हे.

विद्यार्थ्यांपुढे हा विषय मांडताना मागील वर्षी नववीतील एका मुलीने विचारले, "सर, मग २००८ ला चूक नक्की कोणाची होती?" आम्ही तिला लगेच उत्तर दिले नाही. फळ्यावर एक चौकोन काढून त्यात नौदल, तटरक्षक दल, आयबी, राज्य गुप्तवार्ता, मुंबई पोलीस, लोहमार्ग पोलीस, एनएसजी अशी नावे लिहिली आणि कोणाकडून कोणाला निरोप जायला हवा होता ते बाण काढून दाखवायला सांगितले. मुलांनी सतरा बाण काढले. त्यांतले २००८ पूर्वी कायद्याने किंवा आदेशाने बंधनकारक कोणते होते, असे विचारल्यावर खडू हातात घेऊन वर्ग बराच वेळ उभा राहिला.

तो आठवीतला मुलगा पुढे रेल्वेतच नोकरीला लागला. त्याचे वडील निवृत्त होऊन गावी राहतात. निरोपवह्या भरत गेल्या, सध्या सहावी चालू आहे, आणि मोबाइलच्या काळातही ती बंद करू नये असे वसतिगृह अधीक्षकांचे मत आहे. येत्या २६ नोव्हेंबरला सकाळच्या कार्यक्रमात उद्देशिकेनंतर अनुच्छेद २२ आणि अनुच्छेद ३५५ यांचे वाचन होईल, आणि सायंकाळच्या आदरांजलीत 'कुबेर' नौकेवरील पाच खलाशांचाही उल्लेख केला जाईल. इतकी वर्षे तो आमच्याकडून राहून गेला होता.